माझ्या नावावरची शेठची गाडी

आमच्या घरात सगळ्यात जास्त कौतुक कुणाचं झालं असेल, तर एका गाडीचं. माझं नाही, लेकीचं नाही. आणि ती गाडी आमची नव्हतीच. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात राहणाऱ्या एका कापड व्यापाऱ्याची ती. माझा नवरा त्यांच्याकडे ड्रायव्हर होता. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला ह्यांचं गाव. भातशेतीत चार भावांचं भागेना म्हणून हे उल्हासनगरला आले, गाडी शिकले, शेठकडे लागले, आणि अर्धांगाचा झटका येईपर्यंत तिथेच राहिले.

शेठकडे रोजच्या वापराला एक छोटी गाडी होती. दुकान, बँक, दवाखाना, सगळं तिच्यातून. ही मोठी, उंच, सात माणसांची गाडी त्यांनी मुलाच्या लग्नात हौसेने घेतली. लग्न झालं, मुलगा परदेशी गेला आणि गाडी बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी राहिली. वर्षातून एखादी शिर्डी, नात्यात लग्न असलं तर नाशिक. पंधरा वर्षं होत आली तरी मीटरवर वीस हजारसुद्धा झाले नव्हते. पण पुसायची मात्र रोज. हे सकाळी जाऊन कव्हर काढायचे, गाडी पुसायचे, इंजिन चालू करायचे, गल्लीत एक चक्कर मारून परत कव्हर घालायचे. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक शेठने काढू दिलं नव्हतं, सीट खराब होईल म्हणून. ह्यांनी ते प्लॅस्टिक पोटच्या पोरासारखं जपलं. कुठे चिरलं तर घरून चिकटपट्टी घेऊन जायचे. आमच्या घरातल्या दिवाणाची गादी फाटून आतला कापूस बाहेर आला होता, तिकडे ह्यांचं कधी लक्ष गेलं नाही.

मी त्या गाडीत कधी बसले नव्हते. एकदा लेकीला ताप होता, तिला घेऊन मी विठ्ठलवाडीच्या बस डेपोपाशी रिक्षाची वाट बघत उभी होते. समोरून हे तीच गाडी घेऊन आले, रिकामी. सर्व्हिसिंगला चालले होते. थांबले, काच खाली केली, पोरीच्या कपाळाला हात लावला आणि माझ्या हातात रिक्षाचे पैसे ठेवले. म्हणाले, "शेठची गाडी आहे ग." आणि गेले. तेव्हा मला वाटायचं, माणूस इमानी आहे. आता वाटतं, मी तेव्हाच रस्त्यात आडवं पडायला हवं होतं.

शेठ वाईट नव्हते, हेही सांगते. दिवाळीला मिठाई, कपडे, लेकीच्या फीला मदत. आवाज चढवून बोलले असतील असं मला वाटत नाही. तसं काही असतं तर बरं झालं असतं. वाईट माणसाची नोकरी सुटते तरी. चांगल्या माणसाची नोकरी अंगात भिनते.

झटका सकाळी आला, दाढी करताना. डावी बाजू गेली. जीव वाचला, वाचा राहिली, पाय हळूहळू काठी घेऊन टेकायला लागला. हात मात्र कोपरात दुमडून छातीशी तसाच. सुरुवातीला व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. मग डॉक्टर म्हणाले, आता घरी भागणार नाही, अंबरनाथला सेंटर आहे, तिथे यंत्रं आहेत, आठवड्यातून निदान दोनदा न्या. वेळ अजून गेलेली नाही, पण घरी बसवून ठेवलंत तर हा हात असाच राहील. ह्या बोलण्यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं.

पण न्यायचं कशातून? आम्ही विठ्ठलवाडी डेपोसमोर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बरं, जिना उतरवला तरी रिक्षात ह्यांना पाय वर घेऊन शिरता येईना. भाड्याची गाडी बोलावली तर ती बुटकी. वाकायला गेले की डोकं दारावर आपटायचं. एकदा ड्रायव्हर पोरगेलासा होता, त्याने ह्यांना काखेत धरून आत ढकललं आणि म्हणाला, "काका, जरा अंग हलवा ना." त्या दिवसानंतर हे खाली उतरेनासे झाले. खिडकीत बसून डेपोतल्या बसगाड्या बघायचे. कुठल्या ड्रायव्हरने वळण कसं घेतलं त्यावर टीका करायचे.

त्याच वर्षी शेठ गेले. मी भेटायला गेले तेव्हा शेठाणी एकट्याच होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "वो बड़ी गाड़ी भी अब जाएगी. पासिंग खतम हो रही है. बेटा बोलता है भंगार में दे दो." खाली उतरताना मी थांबून कव्हर वर करून बघितलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. हिची सीट बरोबर माणसाच्या कमरेच्या उंचीला आहे. वाकायला नको, चढायला नको. पाठ करून टेकायचं आणि आत सरकायचं.

मी शाळेच्या ऑफिसातून नुकतीच निवृत्त झाले होते. माझ्याजवळ माझे पैसे होते, आयुष्यात पहिल्यांदाच. लेक नाशिकहून फोनवर म्हणाली, "आई, जुनी गाडी कशाला? बाबांना काय वाटेल?" मला वाटलं, काय वाटणार? आनंद होईल. ज्या गाडीला इतकी वर्षं पुसलं ती गाडी दारात उभी राहील. मला खरंच असं वाटलं. इतकी वर्षं संसार करूनही मी एवढी खुळी होते. ह्यांना न सांगता गाडी घेतली, आणि शेठ गेल्यावर शेठाणींच्या नावावर झालेली ती माझ्या नावावर करून घेतली.

गाडी काही केल्या सुरू होईना. कॅम्पातलाच एक गॅरेजवाला आला. मीटर बघून आधी हसला. "ताई, मीटर बघून घेतली ना? सगळे असेच फसतात. मीटर थांबला तरी टाइम थोडाच थांबतो." मला तो माणूस पहिल्या वाक्यालाच आवडला नाही, पण तो बोलला ते खरं निघालं. उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. बॉनेटखाली त्यांचं बाळंतपण झालेलं होतं. बॅटरी मेलेली. टाकीतल्या डिझेलचा चिखल झालेला. रबराचे पाइप हातात घेतले तर पापडासारखे मोडत होते. टायरवरची नक्षी नव्या टायरसारखी, पण बाजूने बारीक चिरा. मागची चाकं तर जागची हलेनात. कुणीतरी हँडब्रेक ओढून ठेवलेला होता आणि तो तसाच गंजून धरला होता.

"किसने रखा ऐसा?" गॅरेजवाला ओरडला. "उभी ठेवायच्या गाडीला कुणी हँडब्रेक लावून जातं का?"

लावणारा कोण ते मला माहीत होतं. लावणारा उभी ठेवून जात नव्हता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. मग सुरू झाले हेलपाटे. आज ये, उद्या ये, पार्ट आला नाही, माणूस गावाला गेला. जुन्या गाडीचं एक काढलं की दुसरं निघतं. नवा पाइप लावला तर त्याच्या दाबाने शेजारचा जुना फुटायचा. मी रोज जाऊन स्टुलावर बसायची. बाई माणूस बसलेली बघून येणारेजाणारे गॅरेजवाल्यालाच विचारायचे, मालक कुठे आहे. तोही बिनदिक्कत सांगायचा, "साहब बीमार है." एक दिवस मी म्हटलं, साहेब कुणी नाही, गाडी माझी आहे. तो म्हणाला, "हां हां ताई, वही." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला परत तेच सांगितलं.

त्या बसण्याच्या दिवसांत मी सीटवरचं प्लॅस्टिक काढलं. स्वतःच्या हातांनी. आत ओल साठून बुरशी धरली होती. वास मारत होता. इतकी वर्षं राखलेली सीट त्या राखण्यानेच कुजली होती. काढताना ते चरचर फाटत होतं आणि मला फार बरं वाटत होतं. का ते सांगता येत नाही. एवढं बरं मला निवृत्तीच्या दिवशी हारतुरे घेतानाही वाटलं नव्हतं. सगळं प्लॅस्टिक गोळा करून मी गॅरेजमागच्या कचऱ्यात टाकलं.

गाडी होत होती तोवर मी चालवायला शिकले. बदलापूरला एक ड्रायव्हिंग स्कूल होतं, तिथे. विठ्ठलवाडीत शिकले असते तर गोष्ट ह्यांच्या कानावर गेली असती. शिकवणारा बारवी रोडला न्यायचा. ह्या वयात क्लचवरून पाय कधी काढायचा हे समजेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. पण लायसन्स मिळालं. कुणाला सांगितलं नाही. ज्यांना सांगायचं त्यांनाच चकित करायचं होतं ना!

शेवटी गाडी सुरू झाली. आवाज असा मोकळा आला की गॅरेजवालाही कौतुकाने हसला. कुणाला वाटेल, आता गाडीबरोबर माणूसही सुरू होईल. तसं काही झालं नाही.

आरटीओत नेऊन पासिंग परत करून घेतलं, मग मी गाडी बिल्डिंगखाली आणली आणि हॉर्न दिला. हे खिडकीतच बसले होते. वर गेले तर ह्यांचा चेहरा पांढराफटक.

"शेठची गाडी इथे कशी?"

"शेठची नाही. आपली आहे." मी आरसी बुक हातात दिलं. त्यांनी वाचलं. माझं नाव पूर्ण वाचलं, ओठ हलवत. मग ते टीपॉयवर ठेवलं आणि म्हणाले, "नाव लिहिलं म्हणून काय होतं?"

मी त्यांना धरून खाली आणलं. गाडीभोवती काठी टेकत फिरले. एका जागी रंगाला खरचटलं होतं, तिथे बोट फिरवलं. दार उघडलं आणि सीट बघितली.

"प्लॅस्टिक कुठेय?"

"काढलं. बुरशी आली होती."

हे रडायला लागले. बिल्डिंगच्या दारात, येणारेजाणारे बघत असताना, झटका आल्यापासून न रडलेला माणूस प्लॅस्टिकसाठी रडला. "मी एवढं सांभाळलं होतं. शेठ काय म्हणतील?" शेठना जाऊन सहा महिने झाले होते. अर्धांगात माणूस हळवा होतो, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण मला तेव्हा डॉक्टर आठवले नाहीत. मला राग आला. ह्यांचा, शेठचा, त्या सीटचा, माझाही.

बसायला मात्र तयार होईनात. मागे बसा म्हटलं तर मागे शेठ बसतात. पुढे बसा, तर पुढे क्लीनर बसतो. मग बसणार कुठे? स्टिअरिंगवर? डाव्या हाताने गिअर कसा टाकणार? मी हे बोलले आणि जीभ चावली. ते परत जिना चढायला लागले.

त्यानंतर मी काय काय केलं नाही! गोड बोलले. भांडले. उपास धरला. गावी जाऊन येऊ, भाऊ बघतील, म्हटलं. तर म्हणाले, "लोकाची गाडी घेऊन गावात मिरवू?" लेकीने फोनवर समजावलं. सेंटरवाल्यांनी फोन केला. दोनदा ठरवलेली वेळ फुकट गेली. गाडी खाली उभी, हे वर बसलेले, आणि हात छातीशी दिवसेंदिवस आवळत चाललेला. त्याची बोटं मला रात्री तेल लावून उलगडावी लागायची. उलगडली की परत मिटायची. मला दिसत होतं की हा हात माझ्या डोळ्यांदेखत जातोय. आणि ह्याला औषध नाही असं नव्हतं, औषध दोन स्टेशनांवर होतं.

अशात एके दिवशी शेठाणींचा फोन आला. माझ्या नाही, ह्यांच्या मोबाइलवर. त्यांना अंबरनाथला बहिणीकडे जायचं होतं. सवयीने ह्यांनाच लावला असेल, नाहीतर एकटीला विचारायला दुसरं होतंच कोण? "भाई, गाड़ी लेके आओगे क्या?" एवढंच म्हणाल्या.

"हो मम्मीजी. आलोच."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर हे उठलेले. ड्युटीचा पांढरा शर्ट कपाटातून काढून ठेवलेला. बटणं मी लावली, कारण दुसरं कुणी लावणार नव्हतं. केस स्वतः विंचरले. जिन्यावर मला हात लावू दिला नाही. कठड्याला धरून एक एक पायरी उतरले. ज्या जिन्यासाठी मी महिनोन्महिने हातापाया पडत होते, तो जिना. आणि गाडीपाशी येऊन मला म्हणाले, "तू चालव. मी पुढे बसून सांगतो." क्लीनरची जागा तेव्हा चालली.

रस्ताभर सूचना. क्लच सोड. खड्डा बघ. हॉर्न कशाला मारतेस, शेठला हॉर्न आवडत नाही. चार नंबरच्या गल्लीत वळलो. शेठाणी खाली येऊन उभ्या होत्या. मी इंजिन बंद करीपर्यंत हे उतरले होते. काठी उजव्या हातात. आणि मी बघितलं, छातीशी दुमडलेला तो डावा हात सुटला. थरथरत, वाकडा, पण सुटला. बोटं दाराच्या कडीत अडकली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी ओढलं आणि मागचं दार उघडलं. थोडं मागे सरून, मान जराशी खाली घालून उभे राहिले.

शेठाणी बसल्या. "कैसा है अभी हाथ?" त्यांनी विचारलं.

"एकदम मस्त, मम्मीजी."

मी शर्ट चढवताना तो हात उचलत नाही. नातवाला फोनवर टाटा करायला उचलत नाही. मी स्टिअरिंग धरून बसले होते आणि माझ्या डोळ्यांपुढे रस्ता दिसेना. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल कुठेतरी. पण आधी जे आलं ते दुसरंच होतं, आणि ते मी इथे खोटं लिहिणार नाही. माझा अपमान झाल्यासारखं मला वाटलं.

शेठाणींना बहिणीकडे सोडलं. मग सेंटर तिथून जवळच आहे, मम्मीजींना परत न्यायचंच आहे, तोवर बसायला जागा हवी, असं म्हणून ह्यांना आत नेलं. आले. व्यायाम करून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी शेठाणींकडे गेले आणि सरळ मागितलं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांनी ह्यांना फोन करायचा. गाडी मागवायची. अंबरनाथला जायचं. बहिणीकडे जायचं नसेल तर देवळात जायचं, बाजारात जायचं, काहीही. त्यांनी मला आधी खुर्चीवर बसवलं. मग म्हणाल्या, "मुझे भी कहाँ कोई लेके जाता है, बेटा." त्यांना दया आली की त्यांचीही सोय झाली, मी विचारलं नाही.

तेव्हापासून आमचं हे चाललंय. गाडी माझ्या नावावर, डिझेल माझं, मेहनत माझी. मागे शेठाणी बसतात, शेजारी बसून हे हुकूम सोडतात, आणि मी चालवते. बिल्डिंगमधल्या बायका म्हणतात, बाई, काय नशीब काढलंस, नवऱ्याला गाडीतून फिरवतेस. सेंटरमधली मुलगी म्हणते, काका किती मनापासून करतात. हात आता खांद्यापर्यंत जातो. पेला धरतो. शर्टाची खालची दोन बटणं हे स्वतः लावतात. मी जे मागितलं होतं ते मला मिळालं, हे मला कळतं. कसं मिळालं तेही कळतं.

परवाच्या शुक्रवारी शेठाणींना घरी सोडून आम्ही परत येत होतो. वाटेत मी काहीतरी आणायला उतरले. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन गाडीपाशी आले. हे बाहेर उभे होते, काठीला टेकून, मगाशी शेठाणींसाठी उघडलेल्या मागच्या दाराची कडी फडक्याने पुसत. डावाच हात. मी म्हटलं, "अहो, माझं पण दार उघडा की जरा."

मी चेष्टेने म्हटलं होतं. निदान आवाज तरी चेष्टेचा काढला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, तुच्छतेने नाही. ज्याला सगळं माहीत आहे असा माणूस नवख्याला सांगतो, तसं सांगितलं.

"ड्रायव्हरचं दार कुणी उघडत नाही."

मी पिशव्या खाली ठेवल्या, दार उघडलं आणि बसले.